शब्दचर्चा : नावातला ज, ळ आणि अ

प्रश्न : आम्ही देवगडकडचे. आडनावात सुरुवातीलाच ज आहे, जांभळातला. बंगळूरच्या ऑफिसात सगळे तो जेवणातल्या ज सारखा म्हणतात. हिंदी सहकाऱ्यांना देवनागरीत लिहून दिलं, तरी तेच. वाचता येत असून असं का होतं? दर वेळी सांगत बसावं, की सोडून द्यावं?

प्रतिसाद : त्यांच्या वाचण्यात खोट नाही, आपल्या लिपीतच ती खूण नाही. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, एक तालव्य (जेवणातल्या ज सारखा, जीभ टाळूला लावून) आणि एक दंततालव्य (जांभळातल्या ज सारखा, जीभ दातांजवळ नेऊन). 'हे जग मोठं आहे' आणि 'तू सुखाने जग' ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. अक्षर तेच, जीभ लागते ती जागा वेगळी. पुढे इ, ई, ए असले की उच्चार तालव्यच होतो, म्हणून चिपळूण, चेंडू, जीभ यांत घोळ नाही. जयंत, चंद्रकांत अशी संस्कृतातून थेट आलेली नावंही तालव्य. बाकी सगळा मामला कानाचा. तुमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केलं, त्यांचं नाव नुसतं छापलेलं वाचून परप्रांतातल्या माणसाला बरोबर म्हणता येणार नाही. कुणीतरी ते त्याला म्हणून दाखवायला हवं.

ळ चं दुखणं निराळं. रत्नागिरीत जन्मलेले टिळक हिंदीत गेले आणि 'तिलक' झाले. प्रमाण हिंदीत ळ नाही, हे समजू शकतं. पण ट तर आहे ना? तोही गेला, कारण 'तिलक' हा त्यांच्या रोजच्या ओळखीचा शब्द, आणि अनोळखी नाव नेहमी ओळखीच्या शब्दाकडे सरकतं. तेंडुलकरांचं 'तेंदुलकर' होण्यात रोमन लिपीचाही हात असणार. रोमनमध्ये ड आणि द एकाच अक्षराने लिहितात, तिथून नाव पुन्हा देवनागरीत येताना मुळात काय होतं ते कोण विचारतो? गावस्करांना तर इंग्रजी समालोचक 'ग-वास-कर' म्हणत आले, म्हणजे आडनावातला 'गाव'च ऐकू येईनासा झाला.

आता दुसरी बाजू. नाव मराठीच्या आतही बदलतं. कुडाळ तालुक्यातल्या तेंडोलीवरून तेंडुलकर. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. हे बदल कुणाला खुपत नाहीत, कारण त्या घरांनी ती नावं आपली म्हणून वापरली. हिंदीतलं 'अंबेडकर' मात्र खुपतं. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये आपल्या कागदोपत्री 'भीमराव रामजी आंबेडकर' असं लिहायचं ठरवलं, त्यामागे तेव्हाचे राज्यपाल राम नाईक यांचा पाठपुरावा होता. एका आ साठी एवढा खटाटोप कशाला, असं तेव्हा काहींना वाटलं. मला तो अगदी योग्य वाटतो. ज्याने सही करताना आ लिहिला, त्याचा आ कापायचा अधिकार दुसऱ्याला नाही.

दुसरा प्रतिसाद : मी सावंतवाडीचा, त्यामुळे गोव्याकडचं थोडं सांगतो. पोर्तुगीज कागदांत प्रभू 'पोरोबो' झाले, शेणै 'सिनाय' झाले. श साठी ते इंग्रजीतल्या एक्सचं अक्षर वापरत, म्हणून तिथल्या काही गावांचं स्पेलिंग आजही इंग्रजी वाचणाऱ्याला अडवतं. पण 'पोरोबो'ला नुसती कारकुनी मोडतोड म्हणू नका. कोंकणीतला अ मराठीपेक्षा गोल, ओ कडे झुकणारा. रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या कोंकणीत, घर हा शब्दही 'घोर' असाच लिहितात. तेव्हा ऐकणाऱ्याने तो अ नीट ऐकला होता. 'सिनाय'मध्ये मात्र श आणि ण दोन्ही गेले.

पहिला प्रतिसाद पुढे : हे छान सांगितलंत. याच किनाऱ्यावरचं आणखी एक उदाहरण मला फार जवळचं आहे, बेने इस्रायली ज्यूंचं. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यात शमुवेलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी, इसहाकचा इसाजी. आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर. धर्म तोच राहिला, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, तोच राहिला आणि हाक मात्र अस्सल कोकणी. हा बदल वरून लादलेला नव्हता. शेजाऱ्यांत राहता राहता तो झाला आणि घराघरांनी तो स्वीकारला.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. ऑफिसातल्या लोकांनी केलेला बदल तुम्हाला आपला वाटत असेल, तर खुशाल राहू द्या. वाटत नसेल तर सांगा, आणि पहिल्याच आठवड्यात सांगा. वर्ष उलटलं की समोरच्यालाच अवघडल्यासारखं होतं.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. मग स्पेलिंगमध्ये जे काढून झेड घालू का?

प्रतिसाद : अजिबात नको. आधार, पॅन, पासपोर्ट यांवर एक आणि ऑफिसात दुसरं, असं झालं की पुढे प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं. शिवाय झेड बघून हिंदी माणूस 'ज़रूर'मधला ज़ म्हणेल, तो तुमचा नव्हे. त्यापेक्षा त्यांना इंग्रजी 'किड्स' हा शब्द म्हणायला सांगा आणि त्याचा शेवटचा आवाज धरून तिथून आडनाव सुरू करायला लावा. दंततालव्य च साठी असाच 'कॅट्स'चा शेवट चालतो. कानडी, तमिळ, हिंदी, कुणाच्याही जिभेला हे दोन-चार प्रयत्नांत जमावं.