गावातल्याच दोन कॉलेजांचा सामना: समोरच्यांचा 2-3 झोन कसा फोडायचा?

फोंडेकर_7

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्यातल्या दोन शेजारच्या कॉलेजांचा मुलांचा बास्केटबॉलचा सामना डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. उघडे सिमेंटचे कोर्ट, संध्याकाळी साडेसहाची वेळ, फिबाचे (आंतरराष्ट्रीय महासंघाचे) नियम. समोरचा संघ सुरुवातीच्या जंप बॉलपासून 2-3 झोन लावतो (बचावात पुढे दोघे, मागे तिघे, प्रत्येक जण माणूस नव्हे तर जागा सांभाळतो) तो शेवटपर्यंत सोडत नाही. आपल्या बाजूचा सर्वांत उंच मुलगा 1.84 मीटरचा, त्यामुळे चेंडू आत जातच नाही. पाचही जण थ्री पॉइंट लाइनच्या बाहेर चेंडू फिरवत राहतात आणि शेवटी कोणीतरी घाईत लांबून मारतो. मुले एनसीएए (अमेरिकेतली कॉलेजे) आणि एनबीएचे (तिथली व्यावसायिक लीग) व्हिडिओ बघून सेट, म्हणजे ठरलेली चाल, बसवतात, पण तो पुरा व्हायच्या आत शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत मोजणारे घड्याळ) वाजतो. हातात तीन आठवडे आहेत, आठवड्याला चार दिवस, दीड-दीड तास. सराव कसा आखावा?

दुसरी चिंता प्रेक्षकांची. दोन्हीकडची मुले एकाच कदंबा बसने येतात, एकाच क्लासला बसतात, त्यामुळे टोमणे आठवडाभर आधीच सुरू होतात. त्यासाठी काय करता येईल?

हायपोस्ट_म्हापसा

फोंडेकरबाब, झोन फोडायचा सर्वांत सोपा क्षण म्हणजे तो उभा राहण्याआधीचा. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू) मिळाल्यावर तीन-चार सेकंदांत चेंडू अर्धे कोर्ट पार करून पुढे पोचला, तर समोरच्यांचे पाचही जण आपापल्या जागी आलेले नसतात. तेव्हा पहिला आठवडा निम्मा वेळ यालाच द्या: रिबाउंड, बाजूच्या रेषेकडे आउटलेट पास, दोघे दोन्ही कडांनी धावत. शॉट मिळाला नाही तर थांबायचे. उगाच गर्दीत घुसायचे नाही.

झोन उभा राहिल्यावर मात्र एकच गोष्ट डोक्यात ठेवा. 2-3 मध्ये फ्री थ्रो लाइनच्या मध्यावरची जागा कोणाचीच नसते. पुढचे दोघे बाहेर बघत असतात, मागचे तिघे रिंगजवळ. या जागेला हाय पोस्ट म्हणतात. तिथे उंच मुलगा नको, पास चांगला देणारा मुलगा उभा करा. 1.75 चा असला तरी चालेल. बाकीची मांडणी अशी: वर एक पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणणारा), दोन्ही विंगवर, म्हणजे कडांना, एकेक शूटर, आणि पाचवा बेसलाइनवर (रिंगमागच्या रेषेजवळ), रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनाच्या जरा बाहेर, बोर्डाच्या कडेला.

पॉइंट गार्डने पुढच्या दोघांच्या मधल्या फटीत ड्रिबल करत शिरायचे. दोघेही त्याच्याकडे वळले की विंगला पास. विंगवर मागच्या रांगेतला कडेचा बचावपटू धावत येतो आणि त्याच्यामागे बेसलाइन मोकळी होते. चेंडू तिथे गेला की समोरच्यांचा मधला उंच मुलगा बाहेर ओढला जातो, आणि नेमक्या त्याच वेळी हाय पोस्टवाल्याने सरळ रिंगकडे कापायचे. पास मिळाला तर ले-अप (रिंगजवळून सोपा शॉट). मिळाला नाही तर चेंडू परत बाहेर आणि एका फेकीत समोरच्या विंगला, कारण सगळा झोन एका बाजूला सरकलेला असतो.

हे कुठे बिघडते? पहिले, हाय पोस्टवाला चेंडू पकडतो तो रिंगकडे पाठ करून. त्याला दिसतच नाही कोण मोकळे आहे. पकडतानाच दोन्ही पायांवर उडी मारून रिंगकडे तोंड करायची सवय रोज 20 वेळा करून घ्या. दुसरे, चेंडू हातात दोन सेकंदांपेक्षा जास्त राहतो. तेवढ्यात झोन परत जागेवर येतो. तिसरे, समोरच्या विंगला जाणारा लांब पास वरून, हळू आणि कमानीत जातो. तो डोक्यावरून दोन्ही हातांनी, सपाट आणि जोरात हवा, नाहीतर थेट समोरच्यांच्या फास्ट ब्रेकची सोय होते.

सरावात बचावाला पाचऐवजी सात जण उभे करा. सातांमधून रस्ता काढायला शिकलेल्यांना पाचांत जागाच जागा दिसते. आणि एक नियम लावा: चेंडू एकदा चौकोनात किंवा हाय पोस्टला गेल्याशिवाय कोणी थ्री मारायचा नाही. आतून बाहेर आलेल्या पासवर शूटरचे पाय आधीच रिंगकडे असतात, म्हणून तोच थ्री जास्त पडतो. तुमचे लांबचे शॉट का पडत नाहीत याचे उत्तर बहुतेक इथेच आहे.

रिबाउंडबद्दल निराश होऊ नका. झोनमध्ये ‘माझा माणूस कोणता’ हे ठरलेले नसते, त्यामुळे बॉक्स आउट करायला (समोरच्याला अंगाने रिंगपासून दूर ठेवायला) ते विसरतात. कोपऱ्यातून मारलेला शॉट चुकला की बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला उसळतो. पलीकडच्या विंगवाल्याने शॉट सुटताच आत धाव घेतली तर बुटक्या संघालाही दुसरी संधी मिळते.

टेबलवरून_मडगाव

वरचे सगळे बरोबर. फक्त व्हिडिओंचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते खरी गाठ तिथेच आहे.

एनसीएएत पुरुषांचा सामना 20-20 मिनिटांच्या दोन भागांत असतो आणि शॉट क्लॉक 30 सेकंदांचा. फिबात 24. त्यातून चेंडू पुढे आणायला 8 सेकंद गेले तर उरतात 16. तिकडचा 25 सेकंदांचा सेट इथे बसणारच नाही. मुलांना सेट शिकवायचाच तर तो 12 सेकंदांत शॉटपर्यंत पोचला पाहिजे; सरावात कोणीतरी मोठ्याने आकडे म्हणा. आक्रमणात रिंगला लागून परत मिळालेल्या रिबाउंडवर घड्याळ 24 नव्हे, 14 वर लावतात, हेही मुलांच्या कानावर घाला. दुसरी संधी मिळाली की बरेच जण निवांत होतात.

एनबीएचे व्हिडिओ झोनसाठी बाजूलाच ठेवा. तिथे बचाव करणाऱ्यालाही चौकोनात तीन सेकंदांची मर्यादा आहे. फिबात ती फक्त आक्रमण करणाऱ्याला. म्हणजे समोरचा उंच मुलगा रिंगखाली पूर्ण सामना उभा राहिला तरी शिट्टी वाजणार नाही. एनसीएएचे व्हिडिओ मात्र या बाबतीत उपयोगी आहेत, आणि 2019-20 पासून त्यांच्या पुरुषांची थ्री पॉइंट लाइनही 6.75 मीटरवर आली आहे, म्हणजे फिबाएवढीच.

फाउलचे गणित: एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. झोन लावणारा संघ फाउल कमी करतो, म्हणून त्याला ते ओझे येत नाही. चेंडू वारंवार आत नेलात की हे चित्र बदलते. मग फ्री थ्रो पडले पाहिजेत. ताज्या दमाने मारलेले 50 फ्री थ्रो कामाचे नाहीत. कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन धावा, लगेच दोन फ्री थ्रो, परत धाव. असे प्रत्येकी 10.

टाइम आउट पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन; शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोन वापरता येतात. तेव्हा मागच्या अर्ध्यातून चेंडू तुमचा असेल आणि तुम्ही टाइम आउट घेतलात, तर थ्रो-इन पुढच्या अर्ध्यातून घ्यायची मुभा मिळते. कोच हे विचारत नाही आणि 28 मीटरचे कोर्ट पुन्हा धावत पार करायला लावतो. टेबलवर कोणाला सांगायचे ते आधी बघून ठेवा.

फोंडेकर_7

देव बरें करूं. एक अडचण: बेसलाइनवर उभा केलेला मुलगा बोर्डाच्या मागे सापडतो. चेंडू मिळाला तरी शॉटला कोनच उरत नाही. त्याला कोपऱ्यात बाहेर ढकलू का?

हायपोस्ट_म्हापसा

पार कोपऱ्यात नको. कोपऱ्यात थ्री पॉइंट लाइन आणि बाजूची रेषा यांत फक्त 90 सेंटीमीटर असतात. पकडताना पाय रेषेवर पडतोच, शिवाय तिथे दोघांनी कोंडले की सुटका नाही. बेसलाइनपासून दीड पाऊल वर आणि चौकोनापासून एक पाऊल बाहेर उभा करा. पास येईपर्यंत तो झोनच्या पाठीमागे, न दिसणारा राहिला पाहिजे. चेंडू विंगवर गेल्यावरच त्याने पुढे यायचे. शॉट हा त्याचा पहिला पर्याय नाहीच. मधला बचावपटू त्याच्याकडे आला की कापत येणाऱ्याला बाउन्स पास, हेच त्याचे मुख्य काम.

तांबडी_माती

कोर्टकडे कोणी बघितलेच नाही. डिसेंबरमध्ये फोंड्याच्या बाजूला सूर्य मावळला की दव पडायला लागते. साडेसहाला सुरू झालेल्या सामन्याचा उत्तरार्ध ओल्या सिमेंटवर होणार, आणि हाय पोस्टवर कापणारा मुलगा पहिल्याच वळणाला घसरेल. जमले तर वेळ साडेचारवर आणा. नाहीच जमले तर मध्यंतरात कोर्टभर रबरी पट्टीचा वायपर आणि मग कोरडे कापड. नुसता झाडू पुरत नाही.

दुसरी भानगड धुळीची. भोवतालची तांबडी माती बुटांच्या तळव्याला बसते आणि पकड जाते. सकाळी झाडून घ्या, मग पाण्याने धुवा आणि दुपारच्या उन्हात वाळू द्या. संध्याकाळी धुतलेत तर ते वाळणार नाही. बेंचजवळ ओले पोते किंवा जाड टॉवेल पसरा. आत जाणारा प्रत्येक जण त्यावर तळवे पुसून जाईल.

चेंडू सिमेंटवर रबरी किंवा बाहेरच्या वापराचा कॉम्पोझिट घ्या, साइज 7. आतल्या कोर्टचा चामडी चेंडू दव पिऊन जड होतो. हवेचा दाब चेंडूवर छापलेला असतो, तेवढाच भरा. जास्त हवा भरली की रिंगला लागून लांब उडतो. आणि दोन्ही संघांनी सामन्याच्याच चेंडूने आठवडाभर सराव करावा; चेंडू कोणता ते आधी ठरवून कळवा.

शेजारधर्म_पणजी

प्रेक्षकांबद्दल लिहितो, कारण अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात याच गोष्टीने काय झाले ते बघण्यासारखे आहे. तिथली दोन विद्यापीठे, सिनसिनाटी आणि झेवियर, एकमेकांपासून जेमतेम पाच किलोमीटरवर. 1928 पासून ती एकमेकांशी खेळतात, सामन्याला ‘क्रॉसटाउन शूटआउट’ म्हणतात. 10 डिसेंबर 2011 ला झेवियरच्या घरच्या कोर्टवर झेवियर 76-53 ने पुढे होते. फक्त 9.4 सेकंद उरले होते. तेव्हा हाणामारी झाली आणि सामना तिथेच थांबवावा लागला. खेळाडूंवर बंदी आली, त्यात सिनसिनाटीच्या तिघांवर सहा-सहा सामन्यांची. पुढची दोन वर्षे सामना तटस्थ मैदानावर आणि ‘क्रॉसटाउन क्लासिक’ या नावाने झाला. 2014-15 मध्ये तो परत विद्यापीठांच्या कोर्टवर आला.

नीट बघा, हे अटीतटीच्या क्षणी झाले नाही. 23 गुणांचा फरक होता. निकाल लागलेला सामना हा सर्वांत धोक्याचा, कारण हरणाऱ्याकडे फक्त राग उरतो आणि जिंकणाऱ्याकडे बोलायला वेळ. म्हणून दोन्ही कोचनी आधीच ठरवून घ्या: शेवटच्या दोन मिनिटांत फरक 15 च्या वर असेल तर दोन्हीकडचे पहिले पाच जण बाहेर. समोरच्या बेंचशी बोलणाऱ्याला पहिल्याच वेळी खाली बसवायचे, तो कितीही चांगला खेळत असो. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना रेफरींसमोर एकत्र बोलवा आणि कोणत्या शब्दांवर टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) मिळेल ते स्पष्ट सांगा.

प्रेक्षकांना समोरासमोरच्या लांब बाजूंना बसवा, संघांच्या बेंचमागे कोणालाच नको. बाजूच्या रेषेपासून दोन मीटर मोकळे राहिलेच पाहिजेत. पाय पसरून बसलेल्यावर खेळाडू पडला की भांडण तिथूनच पेटते. ढोल-ताशे, घुमटे खुशाल वाजू द्या, पण शिट्टी गेटवरच काढून घ्या. गर्दीतून वाजलेल्या शिट्टीवर खेळाडू थांबतात, समोरचा बास्केट करतो, आणि मग रेफरीला कोणीच सोडत नाही.

टेबलवरून_मडगाव

शिट्टीचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्याला जोडून एक: सामना संपल्यावर दोन्ही संघांना एकाच वेळी गेटकडे पाठवू नका. हस्तांदोलन, मग पाहुणा संघ आधी बाहेर, 10 मिनिटांनी घरचा. आणि त्या संध्याकाळच्या शेवटच्या कदंबाची वेळ आधी बघून ठेवा, म्हणजे दोन्हीकडची मुले रात्री स्टँडवर एकत्र ताटकळणार नाहीत.