'ब्लॉक ग्रँट'ला मराठीत काय म्हणायचं? आणि 'वाटप' की 'वाटणी'?

नदीकाठ:
नमस्कार मंडळी, एका ठिकाणी घोडं अडलंय म्हणून विचारतेय. आम्ही टेक्सासात एका लहान गावात राहतो, मोठ्या शहरापासून बरंच लांब. गावाची पाण्याची पाइपलाइन जुनी झालीय आणि ती बदलायला फेडरल पैशांसाठी अर्ज करायचा चाललाय, त्याची जनसुनावणी होती. माझे बाबा सध्या सहा महिने आमच्याकडे आलेत, जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून रिटायर झालेत, त्यांना घेऊन गेले. त्यांना फार आवडलं, वीस-पंचवीस माणसं, कोणी ओरडत नाही, एक आजी उठून म्हणाली की माझ्या नळाला गढूळ पाणी येतं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं.

येताना गाडीत मी समजावत होते की याला कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट म्हणतात, म्हणजे 'सामुदायिक विकास गट अनुदान', आणि आमच्यासारख्या लहान गावांना त्याचं वाटप राज्य सरकार करतं. बाबा म्हणाले एका वाक्यात तीन चुका केल्यास. गट म्हणजे पंचायत समितीचा गट, तो इथे कुठून आला? अनुदान गॅसला असतं, कांद्याला असतं, पाइपलाइनीला निधी असतो. आणि वाटप साड्यांचं होतं, सरकारी पैशांची वाटणी होते.

आता हाच विषय मी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहितेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. तुम्ही काय म्हणाल?

कचेरी:
तुमच्या वडिलांचं पहिल्या मुद्द्यावर शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याला कारणही आहे. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, त्यात तालुक्याएवढ्या भागाचे जे 'ब्लॉक' पाडले ते मराठीत 'विकास गट' झाले आणि बीडीओ झाला गटविकास अधिकारी. म्हणजे 'कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक' हे तीन शब्द सलग आले की भारतातला माणूस ते नकाशावरचा एक तुकडा म्हणूनच वाचणार. तुम्ही 'सामुदायिक विकास गट अनुदान' लिहिलंत तर आमच्या ऑफिसात ते सरळ पंचायत समितीच्या टेबलावर जाईल.

अमेरिकेतला ब्लॉक वेगळा. तिथे १९७४ च्या कायद्याने आधीच्या सुट्या सुट्या योजना, म्हणजे अर्बन रिन्यूअल, मॉडेल सिटीज, पाणी-गटारांची वेगळी मदत, मोकळ्या जागांची वेगळी, अशा एका मोळीत बांधल्या. अध्यक्ष फोर्ड यांची सही आहे त्यावर. म्हणून ब्लॉक म्हणजे इथे एकत्र बांधलेला गठ्ठा. आमच्या बजेटच्या भाषेत 'ठोक तरतूद' म्हणतात तसं काहीसं.

पुणेरीपान:
मग 'एकगठ्ठा' का नको? ब्लॉक व्होटिंगला आपण एकगठ्ठा मतदान म्हणतोच की. 'एकगठ्ठा निधी'. वाचल्यावर लगेच कळतं.

अक्षरवेल:
एकगठ्ठा हा बोलीतला शब्द आहे, बातमीत शोभेल, योजनेच्या नावात नाही. आपली भाषा इतकी समृद्ध असताना आपण प्रत्येक वेळी हाताशी येईल तो शब्द का उचलतो? 'समेकित अनुदान' म्हणावं. आणि अनुदान शब्दाला नावं ठेवू नका, अनु अधिक दान, मागाहून पाठीशी राहून दिलेलं. किती सुंदर कल्पना आहे. 'ग्रँट' मध्ये तसं काही नाही.

पुणेरीपान:
ग्रँट मध्येही आहे बरं का. जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि मूळ लॅटिन 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणे. क्रेडिट, क्रीड सगळे त्याचे भाऊबंद. म्हणजे ग्रँट म्हणजे विश्वासाने दिलेलं. मला तर हे दानापेक्षा जास्त आवडतं कारण दान म्हटलं की घेणाऱ्याचा हात खाली येतो. आणि माझी आई ज्या शाळेत शिकवायची तिथे आयुष्यभर सगळे 'ग्रँट आली का' असंच विचारायचे, फळ्यावर 'अनुदानित' लिहायचे आणि तोंडाने ग्रँट म्हणायचे.

कचेरी:
अनुदानाची अडचण समृद्धीची नाहीये अक्षरवेल ताई, एकाच शब्दाला दोन कामं लावलीत ही आहे. सबसिडी पण अनुदान आणि ग्रँट पण अनुदान. इंग्रजी मसुद्यात दोन्ही एकाच परिच्छेदात आले की भाषांतर करणारा मेला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांना ग्रामपंचायतीत कोणी अनुदान म्हणत नाही, निधी म्हणतात, आणि त्यातही, २०२१-२६ या वर्षांसाठी, 'बंधित' ६० टक्के, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, आणि 'अबंधित' ४० टक्के. हे दोन शब्द खेड्यापाड्यातल्या सरपंचांना नीट माहितीयत. नदीकाठ, तुमचा ब्लॉक ग्रँट खरं तर या दोघांच्या मधला आहे, काय काम करायचं ते गाव ठरवतं पण तीन उद्दिष्टांपैकी एकात बसलं पाहिजे ना?

नदीकाठ:
हो, अगदी. कमी उत्पन्नाच्या लोकांचा फायदा, 'स्लम अँड ब्लाइट' हटवणं, नाहीतर अचानक आलेली तातडीची गरज. आणि एकूण पैशांपैकी किमान ७० टक्के पहिल्यावर गेले पाहिजेत. आता बघा ना, 'ब्लाइट' ला मी काय लिहू? झोपडपट्टी लिहिलं तर बाबांच्या डोळ्यांपुढे धारावी येते आणि इथे तर बंद पडलेलं थिएटर, फुटक्या काचांची दुकानं, गवत वाढलेली घरं असं असतं.

शिवारफेरी:
पहिल्यांदाच लिहितोय इथे, मी टोमॅटो लावतो, नारायणगाव साईडला. ब्लाइट म्हणजे आमच्याकडे करपा. लवकर येणारा करपा आणि उशिरा येणारा करपा, औषधाच्या बाटलीवर पण इंग्रजीत ब्लाइटच लिहिलेलं असतं. करपा एका पानावर दिसला की चार दिवसात आख्खा प्लॉट काळा पडतो. तुम्ही म्हणताय ते ओसाड घरांचं पण तसंच होत असणार, एक घर बंद पडलं की शेजारचा पण विकून जातो. आमच्या गावात जुन्या पेठेत मी बघितलंय. 'करपलेली वस्ती' म्हणा की.

नदीकाठ:
दादा, फार छान. इंग्रजीतही तो शब्द पिकावरूनच शहरावर आला आहे, आणि पसरतो हाच त्यातला अर्थ आहे. 'मोडकळीस आलेली' मध्ये पसरणं येत नाही. मी हा घेतेय.

अक्षरवेल:
करपलेली म्हटलं की मला भाकरी आठवते. सामान्य वाचकालाही तीच आठवेल. 'जीर्ण वस्ती' पुरे आहे.

शिवारफेरी:
सामान्य वाचक म्हणजे कोण हो ताई, आम्ही पण वाचतोच की.

रिओग्रांदे:
मी टेक्सासच्या अगदी दक्षिणेला, हिडाल्गो काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहते, म्हणून एक शब्द राहवत नाही तो टाकते. याच निधीत कायद्याने टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया या चार राज्यांना सीमेजवळच्या 'कोलोनियां'साठी १० टक्क्यांपर्यंत पैसे बाजूला ठेवावे लागतात. आल्या आल्या मी आईला फोनवर सांगितलं की इथे कॉलनीतल्या लोकांची फार वाईट अवस्था आहे, तर ती म्हणाली कॉलनीत राहतात ना, मग काय वाईट! आपल्याकडे कॉलनी म्हणजे बँक कॉलनी, शिक्षक कॉलनी, दारात तुळस. इथली कोलोनिया म्हणजे गावाच्या हद्दीबाहेर शेतजमिनीचे पाडून विकलेले प्लॉट, पाणी नाही, गटार नाही, पक्का रस्ता नाही. लोकांनी हप्त्यांवर घेतले, सगळे हप्ते फिटेपर्यंत जमीन नावावर नाही, हप्ता चुकला तर प्लॉट आणि भरलेले पैसे दोन्ही जायची भीती. खूप वर्षं शब्द शोधत होते मग एकदम सुचलं, ही तर गुंठेवारी!

कचेरी:
वा. गुंठेवारी अगदी चपखल. आपला २००१ चा गुंठेवारी कायदा पण बेकायदा तुकड्यांना नियमित करून तिथे सोयी द्यायच्या याच खटपटीतून आला.

पुणेरीपान:
पण गुंठेवारी ही पद्धत झाली, वस्ती नाही. 'गुंठेवारीतली वस्ती' म्हणावं लागेल.

नदीकाठ:
मंडळी, सगळं वाचतेय, वहीत उतरवतेय. पण माझा वाटप-वाटणीचा प्रश्न राहिलाच. काल जेवताना बाबांशी परत बोलले आणि मला जे जाणवलं ते लिहिते, चुकत असेन तर सांगा.

या पैशांचे दोन रस्ते आहेत. ७० टक्के थेट मोठ्या शहरांना आणि मोठ्या काउंट्यांना जातात, म्हणजे ढोबळ मानाने ५०,००० च्या वरची शहरं आणि २,००,००० च्या वरच्या काउंट्या, त्यांना 'एन्टायटलमेंट' म्हणतात. लोकसंख्या, गरिबी, दाटीवाटीची घरं, जुनी घरं यांचं सूत्र आहे, त्यात आकडे घातले की तुमचा हिस्सा बाहेर पडतो, दरवर्षी. उरलेले ३० टक्के सूत्राने राज्यांना आणि राज्यांनी ते लहान गावांना द्यायचे. १९८१ च्या आधी लहान गावांनाही फेडरल खातंच देत होतं, त्यानंतर राज्यांकडे आलं, हवाई सोडून. राज्य स्वतः त्यातून रस्ता बांधू शकत नाही, स्थानिक सरकारालाच द्यावे लागतात. पण कोणाला, किती, कशाच्या आधारावर, हे राज्य ठरवतं. आमच्याकडे हे काम कृषी विभागाकडे आहे (बाबांना हे अजून पटलेलं नाही, नळाचं काम शेतीखात्याकडे कसं). अर्ज करायचे, गुण मिळतात, बसलात तर मिळतात, नाहीतर पुढच्या फेरीला.

तर मला वाटतं मोठ्या शहरांची ती वाटणी आहे. भावाभावांत होते तशी, वाटा ठरलेला, मागावा लागत नाही. आमच्या गावाचं मात्र वाटप आहे, रांगेत उभं राहायचं. एकाच कायद्यात एकाला वाटणी आणि दुसऱ्याला वाटप! त्या गढूळ पाण्याच्या आजी ६०,००० च्या शहरात राहत असत्या तर त्यांच्या शहराचा हिस्सा ठरलेला असता. हे मला लेखात सांगायचंय, आणि इंग्रजीत दोन्हीला एकच 'डिस्ट्रिब्यूशन' असल्यामुळे ते इतके दिवस मला दिसलंच नव्हतं.

कचेरी:
हे फारच पटलं. आणि 'एन्टायटलमेंट' ला 'पात्र' लिहू नका, पात्र तर तुमचं गावही आहे. 'हक्काची शहरं' म्हणा.

अक्षरवेल:
हक्क अरबी आहे. 'अधिकारप्राप्त'.

पुणेरीपान:
अहो हक्क-लवाजिमा शिवकाळापासून आपल्या कागदात आहे, पाटलाचा हक्क, देशमुखाचा हक्क. साडेतीनशे वर्षं वापरून झाल्यावर तरी तो आपला म्हणा. शिवाय 'अधिकारप्राप्त' म्हटलं की अधिकारी डोळ्यांपुढे येतो, वाटा घेणारा नाही.

अक्षरवेल:
आपला म्हणायला माझी ना नाही, पण जिथे आपला घडवता येतो तिथे घडवावा, नाहीतर घडवायची सवयच जाते. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, मुलांच्या हातून एकेक शब्द गळताना पाहिलाय म्हणून जीव तुटतो इतकंच.

कचेरी:
ते कळतं ताई. तरी एका ठिकाणी आपला शब्दच घात करतोय तो सांगतो. नदीकाठ, 'लो अँड मॉडरेट इन्कम' ला 'अल्प व मध्यम उत्पन्न' लिहू नका. म्हाडाच्या सोडतीमुळे सगळ्यांच्या डोक्यात अत्यल्प, अल्प, मध्यम अशी पायरी पक्की आहे. तिथला मॉडरेट म्हणजे त्या भागातल्या कुटुंब-उत्पन्नाच्या मध्यकाच्या (अर्धी कुटुंबं ज्याच्या वर आणि अर्धी खाली तो आकडा) ८० टक्क्यांपर्यंत, आणि लो म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत. 'मध्यम' वाचलं की लोक मध्यमवर्ग समजणार आणि विचारणार की यांना कशाला मदत. 'अत्यल्प आणि अल्प' असंच लिहा.

रिओग्रांदे:
आणि मध्यक म्हणजे सरासरी नाही हे पण लिहा हो, शाळेत मध्य, मध्यक, बहुलक पाठ केलेले सगळे विसरलेत.

नदीकाठ:
लिहिते. बाबांना माझी वाटणी-वाटपाची फोड वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, राज्याने नियम आधी लेखी काढायचे असतात का? म्हटलं हो, वाटपाची पद्धत वार्षिक आराखड्यात छापावी लागते आणि लोकांना किमान ३० दिवस त्यावर बोलायला द्यावे लागतात. मग म्हणाले, तर मग ते साड्यांसारखं वाटप नाही, मी चुकलो. आपल्याकडे वित्त आयोगाचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० समितीला, १० जिल्हा परिषदेला असं राज्याने जीआर काढून ठरवलं तेव्हा आम्ही त्याला 'विभागणी' म्हणायचो. म्हणजे आता तिसरा शब्द आला.

शिवारफेरी:
विभागणी तर बांधावर होते, भावकीत. वाटणी कागदावर.

पुणेरीपान:
आमच्याकडे नेमकं उलटं म्हणतात.

अक्षरवेल:
'वितरण' कोणालाच आठवत नाही का?

रिओग्रांदे:
वितरण म्हटलं की मला महावितरण. बरं, कोणी मला सांगेल का, 'वाटणे' आणि मिक्सरवरचं 'वाटण' एकच का? आई म्हणते एकच, कारण चटणी वाटून सगळ्यांना वाटतो.

पुणेरीपान:
नाही नाही, वेगळे. भाग करणं ते संस्कृत 'वण्ट्' वरून, चटणीचं वेगळ्या धातूवरून, आणि रस्त्याची वाट 'वर्त्म' वरून. पण आईंची व्युत्पत्ती गोड आहे.