प्रत फुकट, पण विक्री फुकट नाही
दुसरी प्रत काढायला खर्च शून्य, मग ई-पुस्तक नाममात्र किमतीत का देत नाहीत, हा मुद्दा मला अर्धाच पटला. प्रत फुकट निघते हे खरं, पण दुकानदाराचा वाटा किमतीनुसार बदलतो. किंडलच्या (अॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या) अमेरिकी दुकानात २.९९ ते ९.९९ डॉलरच्या पट्ट्यातच ७० टक्के रॉयल्टी, म्हणजे लेखकाचा वाटा, मिळते, त्याखाली ३५. म्हणजे ९९ सेंटला विकलं तर हाती जेमतेम ३५ सेंट, २.९९ ला साधारण दोन डॉलर. तेवढ्याच कमाईसाठी जवळपास सहापट वाचक शोधा!

आणि ‘शून्य’सुद्धा तितकंसं शून्य नाही. ७० टक्क्यांच्या पर्यायात फाइलच्या दर एमबीला १५ सेंट डिलिव्हरीचे, म्हणजे ती वाचकापर्यंत पोचवण्याचे, आधी वजा होतात. नुसत्या मजकुराला ते जाणवत नाही, पण चित्रं ठासलेल्या १० एमबीच्या पुस्तकात दीड डॉलर तिथेच जातो.