‘टॉप हॅट’मधला गैरसमज ताणलेला आहे का?

धागाकर्ती:
‘टॉप हॅट’ (१९३५) हा हॉलिवूडचा नाचगाण्यांचा सिनेमा म्हटला की लोक सर्रास सांगतात, “नाच बघा, गोष्ट सोडून द्या.” मला हे अजिबात पटत नाही. लंडनच्या हॉटेलात जेरी (फ्रेड अस्टेअर) रात्री टॅप नाच करतो, झोपमोड झालेली डेल (जिंजर रॉजर्स) खालच्या खोलीतून भांडायला वर येते. पुढे तो तिच्या मनात भरतो आणि नेमकं तेव्हाच तिला वाटतं, हा तर आपल्या मैत्रिणीचा, मॅजचा नवरा होरेस! तिने होरेसला कधी पाहिलेलं नाही. हॉटेलचा माणूस खूण सांगतो, ब्रीफकेस आणि काठीवाले ते होरेस. ती वर बघेपर्यंत दोन्ही वस्तू जेरीच्या हातात गेलेल्या असतात. बोलपट अजून नवा होता, तरी इथे सगळं काम नजरच करते. याला कच्ची पटकथा कसं म्हणायचं?

पिटातला प्रेक्षक:
असहमत. सुरुवात झकास, पण पुढे? पार व्हेनिसला जाऊनही जेरीचं खरं नाव तिच्या कानावर पडत नाही? ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनराव आणि कृत्तिका जात्याच संशयी, म्हणून तसबिरीवरून रान पेटतं. डेल तशी नाही. चांगली शहाणी बाई आहे.

सायली:
पण ती गप्प कुठे बसते? तुझा नवरा माझ्या मागे लागलाय, हे ती मॅजला सांगते. मॅज होरेसला ओळखून आहे, तिला धक्काच बसत नाही! मग ‘चीक टु चीक’ या गाण्याच्या आधी मॅजच जेरी आणि डेलला नाचायला पाठवते, अजून जवळ या अशा खुणा करते. त्या वेळचा डेलचा चेहरा बघा, ओढ आणि संकोच एकाच वेळी. गैरसमज काढलात तर उरेल नुसता सुंदर नाच.

पिटातला प्रेक्षक:
तो प्रसंग मलाही प्रिय आहे. पण नंतर डेल चिडून फॅशन डिझायनर बेदिनीशी लग्न करते आणि ते लग्न खोटं ठरतं, कारण पाद्री म्हणून होरेसचा नोकर बेट्स उभा होता. ही सरळ पळवाट झाली.

धागाकर्ती:
१९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याचे नियम, कडकपणे लागू झाली होती. मैत्रिणीच्या नवऱ्यावर जीव जडलेली नायिका सरळ दाखवणं कठीण. इथे जेरी अविवाहित आहे हे आपल्याला माहीत, डेलला नाही. त्यामुळे तिची घालमेल खरी राहते आणि सेन्सॉरलाही बोट ठेवता येत नाही.

पिटातला प्रेक्षक:
कारण कळलं म्हणून शेवट पटत नाही. बेदिनी तिच्यावर खरंच भाळलेला आहे, पण मोडक्या इंग्रजीतला इटालियन म्हणून त्याला केवळ हसायचं. त्याचं लग्न मोडल्याचं कोणालाच काही वाटत नाही. मला वाटतं.