मदत हवी आहे: मातृत्व अनुदानामुळे जन्म वाढले का, हे मोजायचं कसं?

अर्धवट_प्रबंध:
नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राचा प्रबंध करतेय. विषय घेतला तेव्हा सोपा वाटला होता, आता गळ्याशी आलाय.

इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना २०१० मध्ये देशातल्या ५२ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातले अमरावती आणि भंडारा. वय १९ किंवा जास्त, पहिली दोन जिवंत अपत्यं, सुरुवातीला एकूण ४००० रुपये, तीन हप्त्यांत. मला बघायचंय की या पैशामुळे तिथे जन्म वाढले का.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतला (२०१५-१६) जन्म-इतिहास घेतला आणि दर बाईच्या दर वर्षाची एक ओळ केली: त्या वर्षी बाळ झालं की नाही. मग दोन जिल्हे विरुद्ध उरलेला महाराष्ट्र, २०१० च्या आधी आणि नंतर. किंचित वाढ दिसते. शिवाय आरोग्य खात्याच्या मासिक अहवालांतही जन्म वाढलेले दिसतात, म्हणून मी खूश होते. गाईड म्हणतात, "याला निष्कर्ष म्हणत नाहीत." का ते सांगत नाहीत!

माझी मावशी अमरावतीकडे अंगणवाडी सेविका आहे. तिचं मत: "चार हजारासाठी कोनी लेकरू करते का वं? कागदं गोळा करता करताच पोरगं रांगाले लागते."

आकडेमोड्या:
ताई, आधी ते मासिक अहवाल बाजूला ठेवा. हप्ता मिळवायचा तर गरोदरपणाची नोंद लागते. म्हणजे योजना आली की नोंदी सुधारणारच, बाळं तेवढीच असली तरी. त्यात आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या अंगणवाडीत, जन्म माहेरच्या तालुक्याच्या दवाखान्यात. अहवालात बाळ कुठल्या जिल्ह्याचं धरलं जाईल, सांगा बघू.

दुसरं, दोनच जिल्ह्यांवर प्रमाण-त्रुटी (आकडा योगायोगाने किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचा अंदाज) काढणं म्हणजे दोन शितांवरून भाताची परीक्षा. देशभरातले सगळे प्रायोगिक जिल्हे घ्या आणि त्रुटी जिल्हावार क्लस्टर करा, म्हणजे एका जिल्ह्यातल्या बायकांना सुट्या न धरता एक गट धरून त्रुटी काढा. ते जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, म्हणून २००५ ते २०१० मधला कल दोन्ही गटांत समांतर होता का, हे वर्षावर्षाच्या आलेखात दाखवा. आधीच फाटा फुटलेला असेल तर पुढचं सगळं वाया.

तिसरं अपत्य योजनेत बसत नाही. तो तुमचा घरचाच तुलनागट: त्याच जिल्ह्यातले, पण पैसे न मिळणारे जन्म. पण जपून: पैशामुळे दुसरं बाळ लवकर झालं, तर तिसरंही लवकर होऊ शकतं, आणि मग तुलनागटच हलतो.

एक बरं आहे. मातृत्व अनुदानाचीच पुढची योजना, प्रधानमंत्री मातृ वंदना योजना, १ जानेवारी २०१७ पासून सगळीकडे लागू झाली आणि तुमच्या सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीचं काम २०१६ अखेर संपलं होतं. त्यामुळे तुलनेचे जिल्हे त्या योजनेपासून कोरे आहेत.

दूरदेशी:
वाढ म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरव. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००४ पासून बाळामागे ३००० डॉलर जाहीर केले. गान्स आणि ली यांच्या अभ्यासात हजाराहून जास्त जन्म जूनमधून जुलैत सरकलेले दिसले. बाळं तीच, तारीख बदलली! स्पेनमध्ये मात्र २००७ च्या २५०० युरोंनंतर गर्भधारणा वाढल्या आणि गर्भपात घटले, असं लिबर्ताद गोन्सालेस यांना आढळलं. रक्कम बघ: एकरकमी २५०० युरो कुठे, हप्त्याहप्त्याने ४००० रुपये कुठे.

योजनेचे नियमही वाच. होंडुरासच्या योजनेत गरोदर राहिलं की नव्याने लाभार्थी होता यायचं. तिथे जन्म वाढल्याचं दिसलं. मेक्सिको आणि निकाराग्वाच्या योजनांत तशी वाट नव्हती, तिथे परिणाम सापडला नाही.

आकडेमोड्या:
यात भर. मातृ वंदना योजनेत सुरुवातीला फक्त पहिल्या अपत्याला ५००० होते. आपल्याकडे लग्नानंतर पहिलं मूल तसंही लवकर होतं, पैशाने काय हलणार? तुमच्या योजनेत दुसरंही बसतं, म्हणून काही दिसलंच तर पहिल्या-दुसऱ्यातल्या अंतरात दिसेल. मी तेच मुख्य कोष्टक केलं असतं.

अर्धवट_प्रबंध:
आकडेमोड्या दादा, माहेरचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, आणि माझी स्वतःची पहिलटकर बहीण सध्या घरी आहे! सगळे जिल्हे घेऊन पुन्हा चालवते. समजा परिणाम शून्य आला, तर प्रबंध होतो का?

आकडेमोड्या:
होतो की. फक्त "परिणाम नाही" असं ठोकून देऊ नका, विश्वासमर्यादा (खरा परिणाम ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असावा तो पट्टा) किती रुंद ते लिहा. शून्याच्या आसपास घट्ट असेल तर ती माहिती आहे. ऐसपैस असेल तर तुमच्या विदेला (डेटाला) काहीच कळलेलं नाही, इतकंच. आणि 'नंतर' हे वर्ष २०१० धरू नका. योजना कळल्यावर राहिलेलं मूल जन्मायला नऊ महिने, आणि कागदावरची तारीख व गावात पैसे पोचल्याची तारीख यांतलं अंतर वेगळंच.

अर्धवट_प्रबंध:
ते मावशीला विचारते. पहिला हप्ता कुणाच्या खात्यात कधी आला, हे तिला तोंडपाठ असणार.