मदत हवी आहे: १४ माणसं, व्हिला + क्रूझ, आणि बोटीला नाही म्हणणारी आजी

नमस्कार मंडळी. सांगलीहून लिहितोय. येत्या मे महिन्यात आमच्या अण्णा-आईच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. हॉल, केटरर, फेटे हे काही नको, सगळे मिळून कुठंतरी जाऊ असं ठरलं. ठरलं म्हणजे धाकट्या बहिणीनं ग्रुपवर क्रूझचा फोटो टाकला आणि अर्ध्या तासात सगळ्यांचे अंगठे आले. आता बुकिंगची जबाबदारी माझ्या गळ्यात.

माणसं १४. आजी ८६ वर्षांची. अण्णांचा उजवा गुडघा बदललाय, डावा बदलायचा बाकी आहे. आई ठणठणीत. काका-काकू, आम्ही दोघं, बहीण-भाऊजी, चुलतभाऊ-वहिनी. पोरं तीन: एक ११ वर्षांचा, एक ७ वर्षांची आणि भावाचं बाळ, जे मे महिन्यात ८ महिन्यांचं असेल.

डोक्यातला बेत असा: सांगलीहून १७ सीटर ट्रॅव्हलर करून अलिबागला जायचं, तिथं दोन रात्री व्हिला. मग मांडव्याहून रो-रोनं (गाडीसकट नेणाऱ्या बोटीनं) मुंबई आणि बॅलार्ड पिअरवरून दोन-तीन रात्रींची क्रूझ. कागदावर झकास दिसतं.

तारखांचं आधी सांगतो, म्हणजे कोणी दिवाळी सुचवायला नको. काकांची तासगावला द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की डावणी रोगाच्या भीतीनं माणूस फवारणीचा पंप सोडून जेवायलाही येत नाही. जानेवारीपासून काढणी, मग बेदाणा, एप्रिलमध्ये खरड छाटणी. बाग मोकळी अशी कधीच नसते, पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात पाच दिवस देतो म्हणालेत. त्यातही बेदाण्याच्या सौद्याचे फोन चालूच राहणार.

व्हिलाचा आम्हाला अनुभव आहे आणि तो वाईट आहे. गेल्या वर्षी एक बुक केला होता, नाव घेत नाही. फोटोत स्विमिंग पूल, लॉन, झोपाळा सगळं होतं. गाडी लागते तिथून दारापर्यंत २६ पायऱ्या होत्या, त्या कुठल्याच फोटोत नव्हत्या. अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं. विसाव्या पायरीला खुर्चीचा मागचा पाय कडकन वाजला. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त माझा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. परतीला वर चढवायचंय या विचारानं दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

पण खरी अडचण आजीची आहे. आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात, नदीकाठच्या जुन्या वस्तीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आजीला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून रबरी बोटीत उतरवलं होतं. एका हातात देवांचा डबा आणि दुसऱ्या हातात औषधांची पिशवी, बाकी सगळं घर मागं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना नेणारी बोट उलटली. तेव्हापासून हरिपूरच्या संगमावर नेलं तरी ती घाटाच्या वरच्या पायरीवरच बसते. क्रूझचं सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही जावा. मी घर राखते."

आजीला सोडून जायचं आई-अण्णांना पटत नाही. बळजबरी करावी असं मला वाटत नाही. जाणकारांनी सांगा: अशा माणसाला जहाजावर न्यावं का? नेलं तर खोली कुठली घ्यावी? आणि लक्षद्वीपचं करावं, गोव्याचं करावं की नुसतं समुद्रात फिरून येणारं?

---

दर्यावर्दी

लक्षद्वीप डोक्यातून काढून टाका. फार सुंदर आहे, पण अगत्तीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. भर समुद्रात जहाजातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. तुमच्या आजींना आणि अण्णांच्या गुडघ्याला ते जमायचं नाही. शिवाय प्रवेश परवाना लागतो, त्याची कागदपत्रं १४ जणांची गोळा करा.

आम्ही कॉर्डेलिया एम्प्रेस या मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजानं गेलो होतो, सासूबाई ७९ वर्षांच्या. खोली खालच्या डेकवर (मजल्यावर) आणि जहाजाच्या मधोमध घ्या. तिथं हेलकावे सगळ्यात कमी. बाल्कनीचा मोह वरच्या डेकवर आणि टोकाला नेतो, आणि तिथंच जास्त हलतं. जहाज १९९० चं आहे, त्यामुळं खोल्या आणि बाथरूम आटोपशीर. बाथरूमला उंबरा असू शकतो, अण्णांसाठी आधी विचारून घ्या. व्हीलचेअर जाईल अशा खोल्या मोजक्याच असतात, त्या आधी संपतात.

बाळाचं ठीक आहे, सहा महिन्यांखालचं घेत नाहीत. आणि काकांना सांगून ठेवा, किनारा सुटला की थोड्या वेळात रेंज जाते. बेदाण्याचा भाव परत आल्यावर कळेल.

---

वाईची सून

दादा, अलिबागचा हट्ट कशाला? सांगली ते अलिबाग म्हणजे पुण्यावरून खोपोली-पेण करत पावणेचारशे किलोमीटर आहे. ८६ वर्षांची बाई आणि ८ महिन्यांचं बाळ एका ट्रॅव्हलरमध्ये, दिवसभर! व्हिला वाई-पाचगणीकडं घ्या. तीन तासात पोचाल. आजींना मेणवलीच्या घाटापर्यंत नेऊन आणा, वरच्या पायरीवर बसल्या तरी तिथली घंटा दिसते. समारंभ तिथंच करा, सगळे १४ जण. मग ज्यांना जायचंय ते मुंबईला जातील आणि आजी, काका-काकू घरी परत. क्रूझला सगळे गेलेच पाहिजेत असं कुठं लिहिलंय?

व्हिलावाल्याला फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल करा. गाडीच्या दारापासून चालायला लावा, थेट तळमजल्याच्या संडासापर्यंत. कमोड आहे का, धरायला दांडी आहे का, हे तोंडी नको, दाखवायलाच सांगा. चिडला तर समजा पायऱ्या आहेत.

---

महालक्ष्मीचा नेहमीचा प्रवासी

वरच्या ताईंना +१. मुंबईला जाणाऱ्यांनी ट्रॅव्हलर नेऊच नका, दोन-तीन दिवसांचा नाईट हॉल्ट उगाच भराल. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सांगलीहून पकडा, सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं अगदी जवळ. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी करा. ४५ वर्षांवरच्या बायकांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना खालचा बर्थ मिळायची सोय आहे, पण एका तिकिटावर सगळी जत्रा घातली तर ती सोय बोंबलते. ज्येष्ठांचं तिकीट वेगळं काढा.

परतीचा घोळ लक्षात घ्या. जहाज सकाळी लागतं, महालक्ष्मी रात्री. मधला दिवस अण्णांना घेऊन स्टेशनच्या बाकावर काढू नका, एखादी खोली दिवसापुरती घेऊन ठेवा.

---

भडंगप्रेमी

एक विसरलात. मोठं सामान चढताना जमा होतं आणि खोलीत बऱ्याच उशिरा येतं. गोळ्या, बाळाचं दूध-लंगोट, अण्णांचा गुडघ्याचा पट्टा हे सगळं हातातल्या पिशवीत. घरचं खाणं आत नेता येत नाही असंच धरून चाला. आमची अडीच किलो भडंग बंदरावरच राहिली, अजून आठवण येते. जाहिरातीतल्या आकड्यात पोर्ट चार्ज आणि जीएसटी बहुधा नसतो, तेव्हा १४ नं गुणण्याआधी पूर्ण रक्कम लेखी मागा.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. लक्षद्वीप रद्द. अलिबागही रद्द, बायकोनं 'वाईची सून' यांचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला त्याच वेळी झालं ते. पाचगणीच्या अलीकडं एका व्हिलावाल्याला व्हिडिओ कॉलवर चालवलं. दारात दोनच पायऱ्या निघाल्या. संडासात दांडी नाही, बसवून देतो म्हणालाय, बघू.

काका-काकू परस्पर घरी जाणार. काका जरा जास्तच पटकन हो म्हणाले.

आजीचं वेगळंच झालं. काल रात्री हे सगळं तिला वाचून दाखवत होतो, म्हटलं तू व्हिलाला ये, पुढचं नको. ती वाती वळत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "ही बोट जिथनं निघती तिथंच परत आणून सोडती का?"

म्हटलं, हो. मुंबईहून निघून मुंबईलाच.

"मग तेवढं बघ," म्हणाली. पुरात बोटीतनं निघाल्यावर तिला घरी यायला २२ दिवस लागले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

अजून पक्कं हो म्हणालेली नाही. तरी खालच्या डेकवर मधोमध शेजारी-शेजारी दोन खोल्या बघतोय, एक आजी-आईला, एक अण्णा आणि मला. दोन खोल्यांच्या मधून दार असलेली जोडी तिथं मिळते का? आणि ऐनवेळी आजी नाही म्हणाली तर एका माणसाचं रद्द करताना कितपत कापतात? कोणी केलं असेल तर सांगा.