मदत हवी आहे: ताब्याच्या अटींचा मसुदा, सुट्ट्या आणि बुडालेल्या भेटी

परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी कन्सेंट टर्म्स (दोघांनी मान्य करून न्यायालयात द्यायच्या लेखी अटी) लिहायच्या आहेत. मूल 7 वर्षांचं, आई पुण्यात, वडील नाशिकला. पाचच्या आतलं मूल सहसा आईकडे, हा 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातील कलम 6चा मुद्दा इथे येत नाही. मुलाचं हित तेवढं पाहायचं.

प्रत्यक्ष ताबा आईकडे, पालकत्व दोघांचं, असं ठरलंय. आठवडा इकडे, आठवडा तिकडे असा संयुक्त ताबा दोन शहरांत चालत नाही. शाळा एकच असते ना! म्हणून दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार मुक्कामी भेट, बुधवारी सातला व्हिडिओ कॉल, उन्हाळ्याची निम्मी सुट्टी वडिलांकडे.

मसुद्यात 'वाजवी भेट' एवढंच लिहिलं की पुढे भांडण ठरलेलं. आदेशात वार, वेळ, ठिकाण नसेल तर अंमलबजावणीचा अर्ज लटकतो. 'शनिवारी सकाळी 10, आईच्या सोसायटीच्या गेटवर' असं नेमकं हवं.

अडलंय ते इथे:
1. गणपती आणि दिवाळी सम-विषम वर्षांनी वाटायची, तर तारखा कशा बांधाव्यात? शाळेची सुट्टी दरवर्षी सरकते.
2. आजारपणात बुडालेली भेट किती दिवसांत भरून द्यावी? 15 दिवस पुरतात का?
3. पासपोर्ट आणि परदेश प्रवासाच्या संमतीचं कलम कसं लिहिता?

देखभाल खर्च वेगळ्या कलमात आहे. तो भेटीशी जोडलेला नाही, मुद्दामच. कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्यांनी प्रत्यक्ष टिकलेली वाक्यरचना दिली तर फार बरं होईल.